मगनवाडीचा हिशेबनीस

वर्धा - सेवाग्राम पाहण्यासाठी येणारे बहुतेक पर्यटक वर्धा शहरातील मगनवाडीत डोकावत नाहीत. मगन संग्रहालय आणि केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था याच परिसरात आहेत. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजी येथे राहत होते, एवढे स्थानिकांना माहीत असते. मात्र या वाडीशी ज्यांचे सर्वांत घट्ट नाते, त्या जे. सी. कुमारप्पा यांचे नाव विदर्भातही विस्मरणात जाऊ लागले आहे. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला आणि न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्यात आला आणि अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ या संस्थेची उभारणी करून त्याने ती सुमारे पंधरा वर्षे सांभाळली. संघाचे उद्दिष्ट एका वाक्यात मावणारे होते. संस्थेने काय करायचे आणि काय नाकारायचे, हे त्या वाक्यावरून ठरत असे.

अलीकडे कोणत्याही मोठ्या कंपनीच्या स्वागतकक्षात काचेच्या चौकटीत लावलेले ध्येयविधान दिसते. ते तयार करण्यासाठी सल्लागार नेमले जातात, अधिकाऱ्यांच्या बैठका झडतात. चौकट भिंतीवर चढली, की तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मगनवाडीतील माणसे मात्र आपल्या उद्दिष्टाकडे रोज पाहत असत. कारण त्यांच्या जेवणातला तांदूळ, दिव्यातले तेल आणि लिहिण्याचा कागदही त्याच्या कसोटीला लागत होता.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचे तेव्हाचे नाव. घरात शिस्त, शिक्षण आणि इंग्रजी राहणीचा प्रभाव होता. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन ते परतले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय सुरू केला. व्यवसाय चांगला चालला होता. पोशाख, खाणेपिणे, उठणेबसणे सारे साहेबी थाटाचे होते. १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले, प्रथम सिरॅक्यूज आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात शिकले. कोलंबियात त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन लाभले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्यांच्या हाताखाली शिकले, ते हेच सेलिग्मन. भारत दरिद्री का आहे, या विषयावर कुमारप्पांनी तेथील एका चर्चमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे वृत्त सेलिग्मन यांच्या वाचनात आले आणि याच प्रश्नावर सार्वजनिक वित्तव्यवस्थेच्या अंगाने अभ्यास करावा, असे त्यांनी सुचविले. ब्रिटिश सरकार भारतात कर कसा गोळा करते आणि तो कशावर खर्च करते, याचे आकडे मांडता मांडता या तरुण हिशेबतपासनिसाचा साम्राज्यावरील विश्वास उडाला. वडिलोपार्जित कुमारप्पा हे नाव त्यांनी पुन्हा धारण केले, ते याच सुमारास.

हा प्रबंध छापण्याच्या निमित्ताने ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गांधीजींना भेटले. सुटाबुटात आलेल्या कुमारप्पांनी झाडाखाली सूत कातत बसलेल्या वृद्धाला प्रथम ओळखलेच नाही, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळते. गांधीजींनी प्रबंध 'यंग इंडिया'तून क्रमशः प्रसिद्ध केला. त्याबरोबरच खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करण्याचे कामही कुमारप्पांवर सोपविले. गुजराती भाषा येत नाही, खेड्याचा अनुभव नाही, अशा माणसाला हे काम देणे धाडसाचेच होते. काकासाहेब कालेलकरांच्या गुजरात विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या कुमारप्पांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेतले आणि ५४ गावांत घरोघर जाऊन उत्पन्न, कर्ज, जमीन आणि सारा यांची नोंद केली. कागदोपत्री पिकाऊ दिसणाऱ्या तालुक्यात कुणबिकीतून घराचा खर्चही भागत नाही, हे त्यातून पुढे आले. देशाचे दारिद्र्य त्यांनी आधी सरकारी अंदाजपत्रकात वाचले होते. आता ते चुलीजवळ बसून मोजले.

पुढची काही वर्षे 'यंग इंडिया'चे संपादन आणि तुरुंगवास यांत गेली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला आणि राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या पैशांचा हिशेब पाहण्यासाठी कुमारप्पा पाटण्याला गेले. तेथील एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणावर तीन आण्यांपेक्षा अधिक खर्च करायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिला होता. गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह आले, तेव्हा त्यांच्या दुधाफळांचा आणि प्रवासाचा खर्च त्या मर्यादेत बसणारा नव्हता. भूकंपग्रस्तांसाठी जमविलेल्या पैशांतून तो करता येणार नाही, त्याची सोय अन्यत्र करावी, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना कळविले. गांधीजींनी ते मान्य केले. देणगीदाराने पैसा ज्या कामासाठी दिला, त्याच कामावर तो खर्च झाला पाहिजे, यात कुमारप्पांच्या लेखी कोणाचाही अपवाद नव्हता. काहींना हा ताठरपणा वाटला. गांधीजींना बहुधा असाच माणूस हवा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने ग्रामोद्योग संघ स्थापन करण्याचा ठराव केला आणि त्याची जबाबदारी कुमारप्पांवर टाकली. संघ काँग्रेसचाच, पण तिच्या राजकीय चढउतारांपासून अलिप्त राहील, असे ठरले. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात संघाची रीतसर स्थापना झाली. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, कुमारप्पा संघटक आणि चिटणीस, तर मार्गदर्शक स्वतः गांधीजी होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तेथील घर दिले. १९२८ मध्ये निवर्तलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन अशी नावे होती.

संघाचे उद्दिष्ट थोडक्यात असे होते : खेड्यांची पुनर्रचना करणे, त्यासाठी ग्रामोद्योगांचे पुनरुज्जीवन करणे, त्यांना उत्तेजन देणे आणि त्यांत सुधारणा घडविणे, आणि खेड्यातील माणसांची नैतिक व शारीरिक उन्नती साधणे. सभासदाने प्रतिज्ञापत्र भरताना आपली शक्ती या कामी लावण्याचे आणि इतर मालाआधी खेड्यात तयार झालेला माल वापरण्याचे वचन द्यायचे. नीट वाचले, तर या वाक्यात स्वदेशी हा शब्दच येत नाही. ही चूक नव्हती. भारतीय मालकाच्या गिरणीत सडलेला तांदूळ स्वदेशीच. पण त्या गिरणीमुळे गावोगावच्या कांडपिणींच्या हातचे काम गेले. साखरेच्या कारखान्याचे भांडवल देशी असले, तरी गूळ करणाऱ्याची कढई थंड पडते. शहरातील स्वदेशी कारखानदारांना मदतीची गरज नाही, ते समर्थ आहेत, अशी भूमिका गांधीजींनी १९३४ मध्येच घेतली होती. संघाने ती उद्दिष्टात पक्की केली आणि पुढे काय स्वीकारायचे, काय नाकारायचे हे त्यातून आपोआप ठरत गेले.

तांदळापासून सुरुवात करू. गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, टिकतोही जास्त. मात्र कोंड्याबरोबर त्यातील सत्त्व निघून जाते. हातसडीचा तांदूळ वापरला, तर खाणाऱ्याचे आरोग्य आणि कांडणारीचा रोजगार दोन्ही सांभाळले जातात. उद्दिष्टातील उद्योग आणि शारीरिक उन्नती हे दोन्ही भाग येथे एकाच घासात आले. पिठाची गोष्ट तीच, तेलाचीही तीच. गावातला भुईमूग, तीळ, जवस शहरातल्या गिरणीत गेला, की तेल महाग होऊन परत येते आणि पेंड परत येतच नाही. ती गावातच राहिली असती, तर गुरांच्या गव्हाणीत आणि शेवटी खताच्या रूपाने शेतात गेली असती. म्हणून मगनवाडीत जुन्या लाकडी घाण्यावर प्रयोग सुरू झाले. झवेरभाई पटेल यांनी बैलावरचा ताण कमी व्हावा आणि तेलाचा उतारा वाढावा, अशा सुधारणा केल्या. वर्धा घाणी या नावाने ती पुढे देशभर ओळखली गेली. ग्रामोद्योग म्हणजे जुने ते सोने, असा कुमारप्पांचा आग्रह कधीच नव्हता. उद्दिष्टात सुधारणा हा शब्द होता आणि शास्त्रज्ञांची नावे सल्लागारांत होती, ती त्यासाठीच.

दिव्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. रॉकेल स्वस्त, उजेडही चांगला. पण ते परदेशी कंपन्यांकडून येई आणि त्याचा पैसा गावाबाहेर जाई. मग घाण्याच्या तेलावर जळणारा, काजळी कमी धरणारा दिवा तयार करण्यात आला. त्याचे नाव मगनदीप. संघाची प्रकाशने हातकागदावर छापली जात. हा कागद खडबडीत, शाई शोषणारा. छापखान्याला डोकेदुखी होतच असणार. तरीही हातकागदाला गिऱ्हाईक शोधणाऱ्या संस्थेने गिरणीच्या कागदावर पत्रव्यवहार केला असता, तर तिच्यावर विश्वास कोणी ठेवला असता? याखेरीज मधमाश्या पाळणे, ताडगूळ, साबण असे उद्योग वाडीत चालत. जवळच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर काम करीत होते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तरुण येथे शिकून आपापल्या गावी परतत. 'ग्रामोद्योग पत्रिका' हे मासिक त्यांना वर्ध्याशी जोडून ठेवी.

या माणसांमध्ये भाषा, जात, धर्म, स्वभाव यांपैकी काहीच समान नव्हते. मारवाडी जाजू पूर्वाश्रमीचे वकील, कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती, झवेरभाई गुजराती, वाळुंजकर मराठी. कुमारप्पांचे धाकटे बंधू आणि संघातील सहकारी भारतन हेही परदेशी विद्यापीठांत शिकलेले. त्यांत कुमारप्पा शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध होते. घड्याळाच्या काट्यावर चालणारा हा गृहस्थ वेळ न घेता आलेल्या पाहुण्याची गय करीत नसे. अशी मंडळी एका वाडीत टिकली. गांधीजींचे व्यक्तिमत्त्व हे त्याचे एक कारण होतेच. पण एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी सेगावला गेले, त्यानंतरही मगनवाडीचे काम वाढतच राहिले, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाद झाला, तर तो व्यक्तीपाशी न थांबता उद्दिष्टापाशी नेऊन तपासता येत होता.

सारेच साधले, असे मात्र नाही. मगनवाडीला लागून असलेल्या सिंदी गावात १९३५ मध्ये गांधीजी आणि त्यांचे सहकारी रोज सकाळी मैला साफ करायला जात. गावकरी पाहत आणि दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा घाण झालेला असे. नैतिक आणि शारीरिक उन्नती हे शब्द घटनेत लिहिणे सोपे होते. हातसडीचा तांदूळ आणि घाण्याचे तेल गिरणीच्या मालापेक्षा महाग पडे, हा आक्षेपही खोटा नव्हता. महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या शहरी कुटुंबाने ते का घ्यावे? स्वस्त वस्तूच्या किमतीत गेलेला रोजगार आणि गावाचे आटलेले उत्पन्न धरलेलेच नसते, तेव्हा विकत घेणाराही त्या अन्यायाचा भागीदार होतो, असे कुमारप्पांचे उत्तर असे. हिशेब म्हणून ते बिनतोड आहे. वाण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते कितपत पटत असेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

१९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. प्रांताच्या औद्योगिक पाहणीचे काम कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेले आणि ६०६ गावांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल तयार झाला. मातरची पद्धत आता संपूर्ण प्रांताला लागू झाली होती. १९३८ च्या डिसेंबरअखेर मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. ग्रामोद्योगाची अवजारे आणि वस्तू तेथे मांडलेल्या होत्या. याच सुमारास काँग्रेसने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. कुमारप्पा तिचे सभासद झाले खरे, पण काही महिन्यांतच बाहेर पडले. समितीचा सारा विचार मोठ्या कारखान्यांभोवती फिरत होता आणि ग्रामोद्योगांना त्यात कोपऱ्यातली जागा होती. तेथे राहून थोडेफार पदरात पाडून घेता आले असते, असे म्हणणारे तेव्हाही होते. कुमारप्पांना ते जमण्यासारखे नव्हते.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्या पुस्तकात निसर्गातील जीवांच्या राहणीवरून त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ सर्वांत खाली. झाडाला काही न देता फळे ओरबाडणारे माकड त्यावर. मग आपल्यापुरते कष्ट करून कमावणारा जीव. त्यावर समूहासाठी मध साठविणारी मधमाशी. आणि सर्वांत वर, परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलाला भरविणारी पक्षीण. खनिज तेल व कोळसा यांसारखे संपणारे साठे आणि पुन्हा पुन्हा उत्पन्न होणारी साधने यांतील भेदही त्यांनी तेव्हाच मांडला. पर्यावरण हा शब्द वर्तमानपत्रांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. गांधीजींनी १९४५ मध्ये पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि त्यांना गमतीने, पण मनापासून, ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवी देऊन टाकली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. १९४९ मध्ये सादर झालेल्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क, धारणेवर कमाल मर्यादा आणि विधवा, अज्ञान व अपंग यांच्याखेरीज इतरांना जमीन कुळाने लावण्यास बंदी, अशा शिफारशी होत्या. त्यांतील काही पुढे निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांत उतरल्या, बऱ्याच कागदावर राहिल्या.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडू पर्व त्यानंतरचे. गांधीजी नव्हते. सरकार आपले होते आणि ग्रामोद्योगांसाठी पैसा द्यायला तयारही होते. १९५३ मध्ये वैकुंठभाई मेहता यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ स्थापन झाले. १९५७ मध्ये त्याची जागा आयोगाने घेतली. त्याचे मुख्यालय मुंबईत विलेपार्ल्याला आहे. अनुदान, सवलत, विक्रीकेंद्रे, उद्दिष्टपूर्तीचे तक्ते असा कारभार सुरू झाला. वैकुंठभाईंच्या निष्ठेबद्दल कोणी शंका घेतली नाही. ग्रामोद्योग संघातील अनेक जाणते कार्यकर्ते या कामात गेले, झवेरभाईही गेले. त्यांना दोष देता येणार नाही. घाणी चार हजार गावांत न्यायची, तर पैसा लागतोच. कुमारप्पांचा आक्षेप वेगळा होता. गिरणीला मोकळे रान द्यायचे आणि घाण्याला अनुदान द्यायचे, या दोन गोष्टी एकाच सरकारने एकाच वेळी कशा कराव्यात? संघाच्या मूळ वाक्यातील खेड्यांची पुनर्रचना हे पहिले शब्द गळून पडले आणि ग्रामोद्योगांना उत्तेजन एवढेच उरले, असे त्यांना दिसत होते. जेवढे उरले तेही कमी नव्हते, पण त्याच्या आधारे कोणत्या गोष्टीला नाही म्हणायचे, ते मात्र कळेनासे झाले. संघ पुढे सर्व सेवा संघात विलीन झाला.

मगनवाडी सोडून कुमारप्पांनी वर्धा जिल्ह्यातच सेलू तालुक्यातील सेलडोहला पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. गावाला लागणारे धान्य, डाळ, तेलबिया, भाजी, कपाशी यांचा समतोल राखून जमीन कशी कसावी, याचा प्रयोग त्यांना करायचा होता. कापसाच्या बाजारभावावर जगणाऱ्या या जिल्ह्यात तो विचार आजही कोणाला तरी सुचायला हवा. रक्तदाबाने त्रस्त झालेल्या साठीच्या माणसाला तो प्रयोग फार काळ पेलला नाही. या काळात त्यांनी चीन, जपान आणि रशियाचाही प्रवास केला. तेथील शेतीव्यवस्थेबद्दल ते आस्थेने बोलू लागले, तेव्हा जुन्या मित्रांपैकी काही दुरावले.

अखेरची वर्षे मदुराई जिल्ह्यातील कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात गेली. अविवाहित कुमारप्पांचा संसार एका खोलीत मावणारा होता. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या बाराव्या पुण्यतिथीच्या दिवशी, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.

मगन संग्रहालय समिती आजही वर्ध्यात काम करते. खादी, नैसर्गिक रंग आणि सेंद्रिय शेती यांच्याशी तिचा संबंध आहे. शेजारच्या केंद्रीय संस्थेत ग्रामीण उद्योगांवर संशोधन चालते. पुण्या-मुंबईच्या दुकानांत लाकडी घाण्याचे तेल अलीकडे गिरणीच्या तेलापेक्षा कितीतरी चढ्या दराने विकले जाते आणि ते घेणारे आरोग्याचे कारण सांगतात. त्या तेलाची पेंड कोणाच्या गव्हाणीत जाते, हे बाटलीवर लिहिलेले नसते. कुमारप्पांनी पहिल्यांदा तेच विचारले असते.